ठमे, दार शोधून दे

३ फेब्रुवारी

ठमाबाई,

तुझा मामा धडधाकट आहे, जेवतोय, झोपतोय, फक्त आठवडाभर कॉम्प्युटरवर दातओठ खातोय. पत्र बघून दचकू नकोस. तू फोन उचलत नाहीस, उचललास तर 'हूं' आणि 'बरं'च्या पलीकडे जात नाहीस. म्हटलं, बाईसाहेबांना कागदावरच गाठावं.

बातमी अशी की आपली रेडिओवरची घड्याळजीची मालिका परत सुरू होतेय! हो, तीच, जिचे सगळे आवाज मी काढायचो. आधी दार करकरायचं, मग म्हातारा घड्याळजी विचारायचा, "कोण आलंय?" शाळेतली पोरं मागून येऊन एकमेकांच्या कानात ते दार वाजवायची, आठवतंय ना? शेवटचे थोडे भाग करायचेत आणि गोष्ट संपवायचीय. दिग्दर्शिका नवी आहे, तुझ्याच वयाची. पहिल्याच भेटीत म्हणाली, "काका, मला तेच दार हवं. तसलं नको, तेच. त्या दारासाठी मी गृहपाठ पटापट उरकायचे." मी छाती फुगवून सांगितलं, "दार माझ्या घरात आहे, उद्या आणून देतो."

आणि दार सापडत नाहीये!

रेडिओ स्टेशनकडे जुने भाग आहेत, पण प्रत्येकात दारावर संगीत चढवलेलं. सुटं, कोरं दार फक्त माझ्याकडे. माझ्या सगळ्या टेपा तुझ्या मामीने बसून कॉम्प्युटरवर उतरवल्या हे तुला माहीत आहेच. डब्यांवर मी जे लिहिलं होतं तेच तिने फायलींना नाव दिलं. आता माझी लिहायची पद्धत अशी, की आवाज कसला आहे ते मी कधीच लिहीत नाही. तो कशातून काढला ते लिहितो. मोडलेल्या हाडाच्या फाईलचं नाव 'कोबी'. पाखरांचा थवा म्हणजे 'मिटलेली छत्री'. बर्फातली पावलं म्हणजे 'पिठाची पिशवी'. हजारो फायली आहेत, आणि मी एकेक उघडून ऐकतोय. काल जेवणाच्या वेळेपर्यंत फक्त कोबी संपला.

महिनाअखेरीला ध्वनिमुद्रण सुरू होणार आहे. तोवर दार मिळालं नाही, तर ती तयार आवाजांच्या कुठल्याशा संग्रहातून दार घेणार. एकदा दार तिथून आलं की पावलं, वारा, खुर्च्या, सगळंच तिथून येणार, आणि मला घरी बसवणार. बोलली नाही ती, पोर सभ्य आहे, पण मला कळलं. या मालिकेत मी नसलो तर मला चालणार नाही, ठमे. स्पष्ट सांगतो.

तू दिवसभर लोकांच्या फायलीच शोधतेस. मामाची एक शोध.

तुझा,
मामा


७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

एकेक फाईल उघडून ऐकतोयस? कपाळ माझं! अरे, त्यासाठी कॉम्प्युटर कशाला हवा होता, टेपा काय वाईट होत्या?

नीट वाच आणि मधलं काही गाळू नकोस. सोबतच्या चिठ्ठीवर एका शोधकाचं नाव लिहिलंय. छोटासा प्रोग्राम आहे, फुकट मिळतो. तो उतरवून घे आणि सुरू करून उठ. तो तुझ्या कॉम्प्युटरमधली प्रत्येक फाईल एकदा बघेल आणि स्वतःसाठी सूची तयार करेल, जाड पुस्तकाच्या शेवटी असते तशी. हे एकदाच करावं लागतं. त्यानंतर तू शब्द लिहिलास की तो पानं उलटत बसत नाही, सूचीत बघतो. तुझं लिहून होईपर्यंत उत्तर समोर येतं.

सूची बनवायच्या आधी तो विचारेल, कुठे कुठे बघू? तिथे 'घरचं' नावाच्या फोल्डरवरची खूण काढून टाक. त्यात मामीचे फोटो ठासून भरलेत, मला माहीत आहे, निम्मे मीच पाठवलेत. उगाच सगळ्यांचे वाढदिवस तुझ्या शोधात लुडबुड करतील.

मग चौकटीत लिही. फक्त शब्द लिहायचा, विनंतीअर्ज नाही.

फोनचं म्हणशील तर, मामा, राग नको मानूस. ऑफिसात आधी मला फोनवरच बसवलं होतं. पलीकडून प्रत्येक जण विचारायचा, "साहेब, मॅडमना देता का?" नाहीतर, "बरं नाहीये का तुम्हाला? मग फोन करू?" शेवटी वकीलसाहेबांनीच मला आतल्या खोलीत कागदपत्रांजवळ हलवलं. तिथे मी खूश आहे. कागदाला माझा घोगरा आवाज ऐकावा लागत नाही. आता घरच्यांशीही फोनवर बोलायचं म्हटलं की आधी घसा खाकरते, आणि खाकरून झाला की बोलायचा उत्साह जातो. असू दे. पत्र मला आवडतं.

दार सापडलं की कळव. सापडणारच.

तुझी,
ठमी


११ फेब्रुवारी

ठमे,

तुझा शोधक आला. मामीने उतरवून दिला, मी नुसता 'हो, हो' म्हणत दाबत गेलो. 'घरचं'वरची खूण मात्र स्वतःच्या हाताने काढली. दुपारभर तो घरघरत होता. आम्ही दोघं पाहुणा आल्यासारखे बाजूच्या खोलीत बसून राहिलो.

मग मी लिहिलं: 'घड्याळजीच्या मालिकेतलं दार कुठे आहे?' काही नाही. 'कृपया' लावून बघितलं. तरी काही नाही. मामी हसून हसून लोळायची बाकी होती. शेवटी तुझं ऐकलं आणि नुसतं 'दार' लिहिलं.

आली की फाईल! एकच. माझा जीव भांड्यात पडला. कानाला लावली आणि धडाम! अगं, ती तोफ! एका युद्धाच्या नाटकासाठी मी आमच्या न्हाणीघराचं दार आपटलं होतं. म्हणजे बघ, माझ्या सगळ्या पसाऱ्यात दाराचा खरा आवाज आहे तो तोफेचा, आणि दाराचा आवाज दारातून काढलेलाच नाही.

पण तो कशातून काढला हे मला पक्कं ठाऊक आहे. बिजागरी! जुन्या कपाटाची पितळी बिजागरी. काचेच्या पेटीत घालून बैठकीत लावलीय ती, तू आलीस की पुसतेस ना, तीच. वर्तमानपत्रवाले आले होते तेव्हा तिचा फोटोही छापला होता. म्हणून 'बिजागरी' लिहिलं. ओळीने आल्या सगळ्या बिजागऱ्या. शोधक आहे मात्र चलाख, डोळ्याचं पातं लवायच्या आत हजर करतो. एकेक ऐकली. कुठली कण्हते, कुठली शिट्टी मारते. आपलं दार त्यात नाही.

मग पेटी उघडून खरी बिजागरीच बाहेर काढली. म्हटलं, नव्याने वाजवू, कोणाला कळतंय! हलवली तर मुकी. मामी म्हणते, ती दर वर्षी तिला तेल लावून चकचकीत करत होती. डोक्याला हात लावला.

परवा दिग्दर्शिका येऊन गेली. "मिळालं का?" मी म्हटलं, "मिळाल्यातच जमा आहे." ठमे, मला खोटं पाडू नकोस.

मामा


१५ फेब्रुवारी

मामा,

'कृपया'वर मी ऑफिसात एकटीच इतकी हसले, की बाजूच्या कारकुनाने पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

नाव आठवत नसेल तर नाव सोडून दे. फाईलला नावाखेरीज बऱ्याच गोष्टी असतात. आमच्याकडे पक्षकार येतात, त्यांना ना कागदाचं नाव आठवत ना नंबर, फक्त आठवतं की कागद लांबलचक होता आणि पावसाळ्यात केला होता. तेवढ्यावरून मी काढून देते.

तर दोन उपाय. एक, निकाल तारखेप्रमाणे लाव. मालिका कधी सुरू झाली ते तुला माहीत आहे, त्याच्या आसपासचं बघ. दोन, लांबी. दार किती वेळ वाजायचं? तेवढ्या लांबीचेच आवाज दाखव म्हणून त्याला सांगता येतं. कसं ते मागच्या पानावर चित्र काढून दाखवलंय.

आणि मामीला म्हणावं, कशालाही तेल लावायच्या आधी मामाला विचार.

ठमी


२० फेब्रुवारी

ठमे,

तारखेचा उपाय फुकट गेला. सगळ्या फायलींची तारीख मामीने टेप उतरवली तेव्हाची. कॉम्प्युटरच्या लेखी माझं अख्खं आयुष्य एका उन्हाळ्यात झालंय.

लांबीचा उपाय चांगला होता. दाराची लांबी मी झोपेतही सांगेन. ती घातली, आणि हजारोंतून मूठभर उरल्या. मी म्हटलं, वा गं पोरी! खुर्ची ओढून बसलो, कानांवर हेडफोन चढवले, एकेक ऐकली. चामड्याचं पाकीट, ओला टॉवेल, फुग्यावर बोट, कोबी. पुन्हा कोबी. दार नाही.

ठमे, मला वाटतं ते टेप उतरवताना राहिलं. किंवा माझ्याच हातून कधी पुसलं गेलं. मामीला दोष देता येत नाही. तेव्हा तिची हॉस्पिटलात संध्याकाळची ड्यूटी असायची, तिने ती मालिका एकदाही ऐकलेली नाही. तिला दार काय आणि तोफ काय, सारखंच.

काल दिग्दर्शिकेला नवं दार करून ऐकवलं. खुर्ची, दोरी, ती करकरावी म्हणून राळ, सगळं लावून. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "छान आहे हो." छान! माझ्या कामाला एवढा वाईट शब्द आजवर कोणी वापरला नव्हता. येत्या सोमवारपर्यंत थांबते म्हणाली. मग संग्रहातलं घेणार.

घरी येऊन मामीला म्हटलं, माइक गुंडाळून ठेवू या. ती नेहमीसारखी कॉम्प्युटरवर फोटो बघत बसली. मी शेजारच्या खोलीत पडलो होतो, इतक्यात तुझ्या आजीची शिंक ऐकू आली आणि मी ताडकन उठून बसलो! जाऊन किती वर्षं झाली, पण ती शिंक कोण विसरेल. मामी हसत होती. तेवढंच काय ते हसू घरात.

तू खूप केलंस. आता पुरे.

मामा


२३ फेब्रुवारी
(तातडीने, माणसाच्या हाती)

मामा!

माइक गुंडाळू नकोस! काही गुंडाळू नकोस!

आजीची शिंक कुठून वाजली? मामी फोटो बघत होती म्हणालास. म्हणजे ती 'घरचं' फोल्डरमध्ये होती. म्हणजे तिथे नुसते फोटो नाहीत, आवाजही आहेत! आणि त्या फोल्डरवरची खूण तुला कोणी काढायला लावली? मी! अरे देवा, शोधकाला ज्या घरात जाऊच नको म्हणून सांगितलं, तिथलं त्याला सापडणार कसं? तो बिचारा बाकी सगळीकडे डोळ्यांत तेल घालून शोधत होता.

मामीने टेपा उतरवताना जे घरातलं वाटलं ते फोटोंशेजारी ठेवलं असणार. कपाट घरातलंच होतं ना? तर तिने तुझी एखादी बिजागरीही घरची म्हणून ठेवली असेल.

आत्ताच्या आत्ता 'घरचं'वर खूण कर. त्याला सूची पुन्हा करू दे. मग नाव काही लिहू नकोस, फक्त लांबी घाल. दार वाजून झाल्यावर टेप थोडी पुढे चालू राहिली असेल, म्हणून लांबी थोडी सैल ठेव.

सोमवारच्या आत हे तुझ्या हातात पडावं म्हणून ऑफिसच्या माणसाला खास पाठवतेय. त्याला पाणी विचार.

ठमी


२४ फेब्रुवारी

ठमे बाळा,

हे पत्र मामी लिहितेय. तुझा मामा लिहायच्या स्थितीत नाही. घाबरू नकोस, कानांवर हेडफोन लावून बसलाय, हसतोय काय, नाक पुसतोय काय. तासभर एकच फाईल ऐकतोय. मी जेवायला वाढलं ते तसंच आहे.

तुझा माणूस आला, पाणी प्यायला, गेला. आम्ही खूण केली. 'घरचं'मधून आवाज निघाले ते असे: आजीची शिंक, तुझ्या आईचं गुणगुणणं, आमच्या पहिल्या कुकरची शिट्टी, आणि एक फाईल. नाव मीच डब्यावरून उतरवलं होतं: 'ठमी, घसा बसलेला'.

मला ते चांगलं आठवतं. सुट्टीत तू आमच्याकडे होतीस, एवढीशी होतीस, आणि तुझा घसा असा काही बसला की डॉक्टरांनी बोलायचीच बंदी केली. तेव्हापासूनच तुझा आवाज घोगरा राहिला. मामा दिवसभर कपाटाजवळ माइक धरून बिजागऱ्या हलवत होता आणि तू शेजारी बसून बघत होतीस. मी संध्याकाळी ड्यूटीवर गेले, पुढचं मला माहीत नव्हतं. टेपेवर तुझं नाव दिसलं, म्हणून मी ती घरच्या गोष्टींत ठेवली. पोरीचा आवाज तो, कोबीशेजारी कसा ठेवणार?

टेपा उतरवताना मी आवाज बंद ठेवायचे, म्हणून आज पहिल्यांदा ऐकला. आधी ते करकरणं. मला वाटलं, चला, सापडलं याचं कपाट. मग लगेच मामाचा आवाज, चांगलाच वैतागलेला: "ठमे, गप! टेप चालू आहे." आणि त्यावर तू, एवढ्याशा फाटक्या घशाने: "मी दार आहे."

बिजागरी नव्हती गं ती. तू होतीस! त्याची नक्कल करत होतीस. मामाने सगळी टेप जुन्या दिग्दर्शकांकडे दिली, त्यांनी त्यातलं एक दार निवडलं आणि तेवढंच उतरवून घेतलं. टेप परत आल्यावर तुझ्या बोलण्याचा तुकडा मामाने आठवण म्हणून वेगळ्या डब्यात ठेवला. मामाला वाटलं बिजागरी निवडली. आणि त्या बिजागरीला इतकी वर्षं मी तेल लावतेय!

ती आता पेटीतून काढलीय. तिला भाजीची पिशवी अडकवणार आहे.

तुझी,
मामी


२६ फेब्रुवारी

ठमे,

आता लिहिता येतंय.

काल सकाळी स्टेशनवर गेलो. दिग्दर्शिकेला म्हटलं, डोळे मिट. वाजवलं. बघतो तर बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. म्हणाली, "हेच! काका, हे कशातून काढलंत?" मी टेप पुढे जाऊ दिली. माझं ओरडणं ऐकून ती हसली, आणि तुझं 'मी दार आहे' ऐकून खुर्चीतून उठलीच. काम माझ्याकडेच राहिलं, पावलं, वारा, खुर्च्या, सगळं. वर म्हणाली, "संग्रहात असलं दार कुठे मिळणार?" मी म्हटलं, "अहो, आमच्याच घरात धड मिळत नव्हतं."

आता महत्त्वाचं. तू फोनबद्दल लिहिलंस ते मी तेव्हाच वाचलं. पण उत्तरात बिजागरीच्या गोष्टी सांगत बसलो. आज सांगतो. आवाज हे माझं काम आहे, त्यातलं मला कळतं असं लोक म्हणतात. तुझ्या ज्या घशाला तू खाकरून खाकरून लपवतेस, तो ऐकायला पोरं गृहपाठ टाकून पळत घरी यायची. आणि त्याचं श्रेय मी एका पितळी तुकड्याला देत फिरलो, वर्तमानपत्रात फोटोसकट. मला भरून आलंय, ठमे, आणि थोडी लाजही वाटतेय.

दुसरं. शेवटच्या भागात घड्याळजी दुकान कायमचं बंद करतो. म्हणजे दार लागायला हवं. इतक्या भागांत ते नुसतं उघडतच राहिलं, लागलं एकदाही नाही, हे तुझ्या लक्षात आलं होतं का? माझ्या नव्हतं. दिग्दर्शिका म्हणते, उघडलं ज्याने, लावायचंही त्यानेच. मी तिला म्हटलं, विचारून बघतो, पण ती फोनसुद्धा उचलत नाही.

माइक परत मांडलाय. तुझी जुनी खुर्ची पुसून शेजारी ठेवलीय. येशील?

मामा


१ मार्च

मामा,

तुझं पत्र आतल्या खोलीत बसून दोनदा वाचलं. मग उठून वकीलसाहेबांकडे गेले आणि म्हटलं, मला आठवडाभर सुट्टी हवी. ते म्हणाले, "घसा बसलाय वाटतं?" मी म्हटलं, "नाही साहेब, माझा आवाज असाच आहे." आणि न खाकरता म्हटलं!

मग त्यांना सगळं सांगितलं. ते फायलीत डोकं घालून ऐकत होते. सांगून झाल्यावर त्यांनी दार ओढून घेतलं आणि हळूच म्हणाले, "एकदा वाजवून दाखवता का?" मामा, साहेब मालिकेच्या वेळी शाळेत होते. मी दाखवलं. साठीला आलेला शिपाई बाहेरून ओरडला, "कोण आलंय?"

शनिवारी पोचते. मामीला सांग, त्या बिजागरीला आता तेल नाही लावलंस तरी चालेल.

हे पत्र तुला परवा मिळेल. मिळालं की संध्याकाळी फोनजवळ बस. आधी दार वाजेल. तू विचार, कोण आलंय. मग मी बोलेन, आणि बराच वेळ बोलेन.

तुझी,
ठमी